टाकीभर काळजी

सुजितची मोटरसायकल पेट्रोलवर चालत नव्हती, बायकोच्या काळजीवर चालत होती. पंपावर तो फक्त हवा भरायला थांबायचा.

कोडोलीत तशी दुसरी गाडी नव्हती. अठराशे सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन. मागच्या माणसाला पाठ टेकायला सोफ्यासारखी सीट, तीही थंडीत गरम होणारी. दोन्ही बाजूंना डिक्क्या, वारं अडवायला उंच काच, आणि माघारी घ्यायला रिव्हर्स गिअरसुद्धा. समोरच्या पडद्यावर वेग, चाकातली हवा आणि शिल्लक काळजी, सगळं दिसायचं.

गाडी घेताना शोरूमच्या खोतसाहेबांनी फॉर्म भरून घेतला होता.

"काळजी कोण करणार?"

"मिसेस. वृषाली नाव."

"शिक्षण?"

"सातवी."

"त्याचं काही नाही. मूल आहे?"

"मुलगी आहे. दोन वर्षांची."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग मायलेज बघायलाच नको."

आणि खरंच बघावं लागलं नाही. शर्वी खोकली की वृषालीला काळजी, अन् नाही खोकली की आज का खोकली नाही म्हणून काळजी. हौदाचं झाकण, शेंगदाणा नाकात जायची भीती, शेजारच्यांचं कुत्रं. त्यात सुजित फाटकाबाहेर पडला की टाकी काठोकाठ. तो हंपीला जाऊन आला, एकदा थेट राजस्थानात. वेग वाढला की तिची काळजी वाढायची आणि काळजी वाढली की वेग, म्हणून कंपनीनं एकशे ऐंशीच्या पुढं कुलूपच घालून दिलं होतं. मध्ये एकदा सुजितनं आपल्या आईची काळजी वापरून पाहिली. गाडीनं काळा धूर सोडला. ती सगळी भावकीची निघाली, जुनी, गाळ धरलेली.

एवढी गाडी दारात, पण वृषाली त्या सीटवर बसून कधी गावाबाहेर गेली नव्हती. पुढं सुजित, मधे शर्वी, मागं आपण, अशी ती बसली की तिची सगळी माणसं हाताच्या अंतरावर यायची. मग काळजी कुणाची करणार? तीन वेळा निघाले, तिन्ही वेळा बोरपाडळ्याच्या अलीकडं गाडी बंद. मायलेकी उतरून रिक्षात बसल्या की लगेच चालू.

सुजितनं खोतसाहेबांना फोन लावला.

"नियमच आहे तो," साहेब म्हणाले. "पुरवठा करणारी व्यक्ती गाडीवर बसली की पुरवठा थांबतो. घरात कुणीतरी काळजी वाटेल असं माणूस ठेवून निघा."

"आई असते की."

वृषाली शेजारून म्हणाली, "आत्यांची काळजी कुणी करायची? त्याच सगळ्या गावाला पुरून उरतात."

आत्या म्हणजे तिची सासू. भिंतीपलीकडून आवाज आला, "ऐकू येतंय मला."

तिला समुद्र बघायचा होता. तीन तासांवर रत्नागिरी, आणि तिनं तो बघितला होता फक्त सुजितच्या मोबाईलमध्ये. चौथ्यांदा ते रविवारी सकाळी निघाले. बोरपाडळ्याच्या अलीकडं गाडी बंद पडली.

सुजित उतरला. रिक्षा कुठं दिसते का बघू लागला. वृषाली सीटवरून हात फिरवत बसली. मग सहज म्हणाली, "अहो, दुधाखालचा गॅस मी बंद केला का?"

केला होता. सुजितनं स्वतः बघितलं होतं. ते सांगायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात इंजिन गुरगुरलं.

त्यानं तोंड मिटलं. "मला काय माहीत," म्हणाला आणि गाडीवर बसला.

मलकापूर गेलं. आंबा घाटात गाडी वळणं घेताना जराही डगमगली नाही, काळजी एकसारखी येत होती. वृषालीला पहिल्यांदा कळलं, सुजित घाटात असतो तेव्हा त्याला उजवीकडं एवढं हिरवं दिसतं. साखरप्याला तिच्या हातातला फोन वाजला. आत्यांचा. तिनं उचलला नाही, आणि आत्या उगाच कधी फोन करत नाहीत हे आठवून टाकी भरली.

रत्नागिरीत भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूवर शर्वीनं चपला काढून बापाच्या हातात दिल्या. लाट आली, दोघींच्या पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली. वृषाली बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं आत्यांना फोन लावून गॅसचं विचारलं.

"गॅस बंदच होता गं," आत्या म्हणाल्या. "मी आपला पोचलात का विचारायला फोन केलेला. निवांत या."

गाडीच्या पडद्यावर शून्य आलं.

"तुम्ही दोघी एसटीनं जा," सुजित म्हणाला. "गाडी लगेच चालू होईल."

"मी गाडीवरनं आले, गाडीवरनंच जाणार."

गाडी ढकलत नेऊन जवळच्याच एका घराच्या अंगणात लावली आणि दोन दिवस ते तिथंच भाड्यानं राहिले. तिनं काळजी करायचा मनापासून प्रयत्न केला. समुद्र खोल होता, पण शर्वीनं तिचं बोट धरलं होतं. सुजितचा तिकडं घरच्या पोल्ट्रीवरच्या गड्याला सारखा फोन चालू होता, पण ती काळजी त्याची, गाडीला चालायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला दुपारी झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्यांचा फोन आला.

"कधी निघताय?"

"गाडी चालू होत नाही, आत्या."

आत्या बहात्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांना गाडीचा नियम पाठ होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी जरा माळ्यावर चढते. शिडी हलतीय थोडी, बघू. ठेवते."

फोन बंद. परत लावला तर लागेना.

अंगणात उभी गाडी किल्ली न लावताच चालू झाली. वृषालीनं शर्वीला मधे बसवलं, ओढणीनं स्वतःशी बांधून घेतलं आणि सुजितच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "जोरात घ्या."