बर्फाची बाजू

निवृत्तीनंतरचं पहिलं भाषण प्रभाकर सरांनी बुऱ्हाणपुरात न ठेवता जसोंडी या खेड्यात ठेवलं, कारण शहरातले लोक मन लावून ऐकत नाहीत असं त्यांचं ठाम मत होतं. विषय हवामान बदल. सगळा हिवाळा वाचन करून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. शिवाय एक भलामोठा फ्लेक्स छापून घेतला: वितळणारे बर्फाचे डोंगर आणि एका तुकड्यावर कसंबसं उभं असलेलं पांढरं अस्वल. उखर्डू या जुन्या विद्यार्थ्यानं तो सकाळीच मारुतीच्या ओट्यावर बांधला.

मे महिन्यातली दुपार. सर आणि त्यांच्या पत्नी उषाताई पोचले, तर ओट्यावर ना माणसं, ना फ्लेक्स. छडीनं अस्वल दाखवून सुरुवात करायची असं ठरलेलं; अस्वलावाचून सरांना पहिलं वाक्यच आठवेना.

"चला घरी," उषाताई म्हणाल्या. "अस्वलाला ऊन लागलं असेल."

सरांचा चेहरा इतका उतरला की उषाताईंना आपल्या बोलण्याचं वाईट वाटलं. तेवढ्यात सावलीत पडलेल्या गावातल्या म्हाताऱ्या रंभाबाईनं सांगितलं की सारं गाव उखर्डूच्या केळीत गेलंय. सर तरातरा निघाले.

बागेत खरंच सगळे होते. पश्चिमेकडून झळा सुटल्या होत्या, केळीची पानं फाटत होती. त्या अडवायला बांधावर खांब रोवून जुनी लुगडी, पोती, चादरी बांधणं चाललं होतं आणि मधोमध सरांचा फ्लेक्स.

"उखर्डू, आज भाषण होतं ना?" सरांनी विचारलं.

"येनारच होतो, सर. पन लुगडे पुरले नही." उखर्डू ओशाळला. "कशावर व्हतं भाषन?"

"ऊन का वाढतंय, त्यावर."

"मंग एवढी दोरी धरा."

सरांनी धरली. उषाताईंनी पदर खोचून दुसरं टोक ताणलं. हात चालू होते तशी तोंडंही: असा वारा आधी नव्हता, विहिरी खोल गेल्या, पाऊस कधीही येतो. सरांनी हिवाळाभर वाचलेलं सगळं गावकऱ्यांच्या बोलण्यात निघालं, पण सरांना मधे बोलायला जागाच मिळेना. ते ऐकत राहिले, आणि त्यांना ते आवडलंही.

काम उरकल्यावर त्यांना दिसलं की रस्त्याकडे फ्लेक्सची कोरी पाठ आहे आणि चित्र केळीकडे.

"निदान चित्र तरी लोकांकडे करायचं, उखर्डू."

शेवटची गाठ मारत उखर्डूची बायको सरुबाई म्हणाली, "बर्फाची बाजू मुद्दाम आत ठेवली, सर. झाडाईले तेवढंच गार वाटीन."