चन्नप्पा अण्णांचं माणूस मंडळ

चिटगुप्प्याला मोटारीतून उतरलो तेव्हा माझ्या खांद्यावर वळकटी होती, हातात पत्र्याची पेटी होती आणि खिशात नव्या शाळेच्या नेमणुकीचा उर्दू कागद होता. समोर एक उंच, वाळके गृहस्थ उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, खांद्यावर गुळाचे डाग पडलेला पंचा. आमच्या मुलखात परक्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो "तुम्ही कोणापैकी?" असा. एकदा जात कळली की बाकीचं कळायची कुणाला घाई नसते. ह्या गृहस्थांनी जात विचारली नाही, नाव विचारलं नाही, गावही नाही. मला खालवर न्याहाळून ते म्हणाले,

"तुमाला काय येतंय?"

"म्हणजे?"

"म्हंजी काय येतंय? जिलबी तळाय येती का? दात उपटाय येतोय? चाक बसवाय येतंय?"

"मी मास्तर आहे. गणित शिकवतो."

"ते सरकारला. माणसाच्या उपयोगाचं काय येतंय?"

शाळेपर्यंत चालत जाताना मी विचार केला. वय सव्वीस, मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास, आणि सांगण्यासारखं काहीच सापडेना. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही.

हे चन्नप्पा अण्णा. बाजारपेठेत त्यांचं गुळाचं दुकान होतं. बसवेश्वराला मानणारं जुनं घराणं. घरात कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत दखनी उर्दू, अशा तीन भाषा ते बोलत. रागावले की कानडीवर येत. खोटं बोलायची वेळ आली की मात्र हटकून उर्दूत बोलत. ती त्यांना कच्ची येत असे, त्यामुळं खोटं तिथल्या तिथं उघडं पडे आणि अण्णांना हलकं वाटे.

दुकानातल्या आतल्या भिंतीवर त्यांनी गेरूनं एक यादी लिहून ठेवली होती. गिऱ्हाईक गूळ बघायला वाकलं की त्याला ती वाचावीच लागे. 'भीमण्णा: हाड बसवतो. नरसव्वा: रडकं लेकरू निजवते. उस्मान: आडात पडलेली बादली काढतो. काशिनाथ: म्हशीचं पोट फुगलं तर.' आणि एका ओळीत नुसतं, 'तुकाराम: गप बसतो.'

मी हसलो. "अण्णा, गप्प बसणं हा काय गुण झाला?"

"मास्तर, ज्या घरात मयत झालं तिथं म्या तुकारामालाच धाडतो. बाकी समदे जाऊन बोलतात. देवाची मर्जी म्हणतात, नशीब म्हणतात. ह्यो जातो आन् नुसता बसतो. संध्याकाळपतुर बसतो. लई अवघड काम हाय ते. तुमी बसून दावा."

मी बसून दाखवलं नाही.

ह्या यादीतली माणसं म्हणजेच माणूस मंडळ. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं उतरली की दुकानामागच्या कडुलिंबाखाली ती जमत. कुणाच्या घरी आजार आहे, कुणाचं छप्पर उडालं, कुणाचा म्हातारा एकटा पडलाय, हे सांगायचं आणि ज्याला जे येतं त्यानं ते करायला जायचं. मंडळात पूजा नाही, आरती नाही, वर्गणी नाही. देवाविषयी अण्णांची तक्रार नव्हती. ते म्हणत, "देवाचं देवळात करा, मशिदीत करा, मठात करा. तिथं लई माणसं हायत त्याच्यासाठी. इथं माणसाचं."

गावाला हे पचायला वेळ लागला. पहिल्या बैठकीला काशिनाथ नारळ घेऊन आला होता, असं सांगतात. नारळ फोडायला तो उठला आणि इकडंतिकडं बघायला लागला. फोटो नाही, मूर्ती नाही, दगडसुद्धा नाही.

"अण्णा, कुणाम्होरं फोडू?"

"कुणाम्होरं कशाला? फोड, आन् खा."

नारळाची चटणी झाली. पुढच्या बैठकीला भाकरी आल्या. एका पंगतीला बसायचं की नाही यावर दोन महिने कुरकुर चालली. अण्णांनी उपदेश केला नाही. चटणी मात्र ते एकाच परातीत ठेवत आणि परात मधोमध. ज्याला तिखट हवं असे त्याला सरकावंच लागे.

ते निजामाच्या राजवटीचे दिवस. पाच माणसं एकत्र बसली की कचेरीला घोर लागे. एका बैठकीला अमीनसाहेब, म्हणजे तेव्हाचे फौजदार, दोन शिपाई घेऊन आले. आम्ही सगळे उभे राहिलो. मी तर यादीतही नव्हतो, नुसता बघायला आलेला सरकारी नोकर.

"ये किसका जलसा है?"

"इन्सानांका," अण्णा म्हणाले.

"कौनसे इन्सान? हिंदू? मुसलमान? लिंगायत?"

"जो आया सो, साहेब."

"इजाजत?"

इजाजत नव्हती. अमीनसाहेबांनी वही काढली. आता नावं लिहून घेणार म्हणून मी लिंबाच्या बुंध्याआड सरकत होतो, तेवढ्यात अण्णा दोन पावलं पुढं गेले आणि त्यांनी साहेबांना खालवर न्याहाळलं. मी डोळे मिटून घेतले.

"साहेब, आपकू क्या आता?"

शिपायांनी एकमेकांकडं बघितलं. साहेबांच्या मिशा थरथरल्या. मग त्यांनी शिपायांना विडी ओढायला रस्त्यावर पाठवलं आणि ते दूर गेल्याची खात्री करून हळूच म्हणाले,

"रफू."

"क्या?"

"रफू आती. हमारे वालिद हैदराबादमें रफूगर थे."

पुढच्या बैठकीला अमीनसाहेब साध्या सदऱ्यात आले आणि नरसव्वाच्या जुनाट पांघरुणाला रफू करत बसले. टाका असा, की फाटलं होतं कुठं ते सापडू नये. इजाजतीचा कागदही त्यांनीच आणला. त्यात सभा कोणत्या धर्माची, असा रकाना होता. त्यात साहेबांनी स्वतः एक आडवी रेघ मारली होती. भिंतीवर दुसऱ्या दिवशी ओळ वाढली.

माझी ओळ यायला मात्र चार महिने लागले. शाळेचा पट्टेवाला तापानं पडला होता आणि त्याला काही जाईना. माझे वडील तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यांना मीच भरवत असे. त्या सवयीनं मी पट्टेवाल्याची मान हातावर घेतली आणि चमच्यानं पेज घालायला लागलो. मान किती उचलायची, घोट गिळायला किती थांबायचं, हे हाताला माहीत होतं. दारात अण्णा कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही.

"येतंय की तुमाला!" ते ओरडले. "इतके दिवस गणित गणित करायलाव!"

भिंतीवर माझं नाव लागलं, 'मास्तर: आजाऱ्याला भरवतो.' खोटं कशाला सांगू, नॉर्मल पास झाल्याच्या दाखल्यापेक्षा मला त्या ओळीचा आनंद जास्त झाला. त्यानंतर त्या गावात मी कितीतरी घरांत गेलो, जिथं एरवी मला ओसरीच्या पुढं कुणी घेतलं नसतं आणि मीही गेलो नसतो.

दुसऱ्या वर्षी माझी बायको, इंदू, गावाकडून माझ्याकडं बाळंतपणाला आली. तिला आई नव्हती, म्हणून उदगीरहून माझी आत्या आली होती. आत्या कडक. सोवळं, ओवळं, शिवाशिव, सगळं तिच्याबरोबर गाडीतून उतरलं. एका सकाळी इंदूला कळा सुरू झाल्या. नेहमीची सुईण आदल्या दिवशीच शेजारच्या निर्ण्याला दुसऱ्या बाळंतिणीकडं गेली होती. दोन तास गेले, तीन गेले. आत्या बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मूल आडवं हाय रे," ती म्हणाली, "मला कळंना काय करावं."

मी अनवाणी दुकानाकडं धावलो. अण्णा गूळ जोखत होते. मी अर्धंच बोललो असेन, त्यांनी तराजू तसाच सोडला. गुळाची ढेप गडगडत रस्त्यावर गेली, तिच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. एरवी संथ चालणारा हा माणूस धोतर सावरत गल्लीतून पळत सुटला.

मी घरी येऊन पोचतो तो अण्णा हलीमाबीला घेऊन हजर. हलीमाबी ही तिसऱ्या गल्लीतली विधवा. गोधड्या शिवून पोट भरायची. दुकानाच्या भिंतीवर सगळ्यात वरची ओळ तिची होती, 'हलीमाबी: अडलेली बाई सोडवते.'

आत्या उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "ही आत यायची न्हाई."

"आत्याबाई," अण्णा धापा टाकत म्हणाले, "तुमाला काय येतंय?"

"मला समदं येतंय! पाच बाळंतपणं केलीत म्या!"

"आडवं मूल फिरवाय येतंय?"

आतून इंदूचं कण्हणं ऐकू आलं. "न्हाई," आत्या म्हणाली.

"मग सरका, माय. हात जोडतो."

आत्या सरकली. हलीमाबीनं हात कोपरापर्यंत धुतले, तेल मागितलं आणि दार लोटून घेतलं.

मग एकेक जण येऊ लागला. कुणाला बोलावलं नव्हतं. नरसव्वानं पाणी भरलं. भीमण्णानं अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवली. उस्मान पडेल ते काम मागत हिंडत होता. तुकाराम आला आणि माझ्या शेजारी ओट्यावर बसला. तो एक शब्द बोलला नाही. त्या चार तासांत माझ्या मनात जे जे आलं ते त्याला सगळं कळत होतं असं मला वाटलं. त्याच्या गप्प बसण्याचं वजन मी त्या दिवशी अंगावर घेतलं, आणि ते उबदार होतं.

अण्णा बसले नाहीत. अंगणाच्या कडेला, पाठ करून उभे होते.

दुपार कलली तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडका, जिवंत. दार उघडून हलीमाबी म्हणाली, "बेटी हुई मास्तर. माँ भी अच्छी है." तिच्यामागं आत्या होती. आत्यानं तिचा हात धरून तिला पाटावर बसवलं आणि घरातल्या पितळी पेल्यात चहा दिला. ते पेल्याचं तिनं स्वतःहून केलं, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी अण्णांकडं गेलो. "मुलगी झाली."

"आन् माय?"

"दोघी चांगल्या आहेत, अण्णा. तुमच्यामुळं..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ते रस्त्याकडं वळले. मग म्हणाले,

"माझी बायकू गुरम्मा अशीच अडली होती. बाजाराचा दिवस. ह्या गावात हजार माणूस होतं त्या दिशी. सुईण गावाला गेलती. म्या दारोदार हिंडलो, मास्तर. पर आपल्याच माणसांच्या दारी हिंडलो. तिसऱ्या गल्लीत गेलोच न्हाई."

"आणि हलीमाबी?"

"घरीच होती. गोधडी शिवायलती. दोघांची माती झाल्यावर धा दिवसांनी भेटाय आली तवा म्हनली, 'अण्णा, मला कामून बोलावलं न्हाई? मला येतंय की.'"

एवढंच. त्यांना मूलबाळ नाही, एकटेच असतात, एवढं मला माहीत होतं. गावात कुणाकडं मूल झालं की ते गूळ पाठवत, स्वतः कधी जात नसत, हेही माहीत होतं. मी त्याला विक्षिप्तपणा म्हणत आलो होतो.

आत्या बाळाला दुपट्यात गुंडाळून ओसरीवर घेऊन आली. तिनं अण्णांना हाक मारली. ते येईनात. तेव्हा तीच पायऱ्या उतरून अंगणात गेली आणि तिनं मूल त्यांच्या हातांवर ठेवलं.

अण्णा आहे तिथंच, मातीत, मांडी घालून बसले. पोरीनं डोळे किलकिले केले. अण्णा तिच्यावर वाकले आणि इतक्या हळू आवाजात की मला जेमतेम ऐकू आलं, कानडीत म्हणाले, "बा तायी. बा." ये माय, ये.

सावली सरकून ऊन त्यांच्या पाठीवर आलं. आत्यानं दोनदा मूल परत मागितलं. त्यांना ते ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा तिनं मागितलं नाही. आतून छत्री आणली आणि त्या दोघांवर धरून उभी राहिली.