मोटारीची खोट

"दादाला संगं न्यायचं नसंल, तर मोटार आनायचीच न्हाई," अंजनानं चुलीपुढून न उठता निकाल दिला, आणि आकारामच्या हातातली कपबशी तशीच राहिली.

पहाटेचे पाच वाजले होते. सहाची एसटी गाठायची होती. बंडीच्या आतल्या खिशात बँकेचा ड्राफ्ट होता. तो जागेवर आहे की नाही हे आकारामनं उठल्यापासून चार वेळा चाचपून पाहिलं होतं. दुसऱ्या खिशात पत्र होतं. आपला नंबर लागला असून आपली फियाट सांगलीला आमच्या दुकानी येऊन उभी आहे, अमुक तारखेपर्यंत पैसे भरून घेऊन जावी, न नेल्यास ती पुढच्या नंबरवाल्याला देण्यात येईल, असं त्यात होतं. ती अमुक तारीख म्हणजे आजचीच. पत्र उशिरा आलं यात दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता. सात वर्षांपूर्वी नोंदणी केली तेव्हा आकाराम लष्करात होता आणि पत्ता त्यानं पलटणीचा दिला होता. पत्र पलटणीमागं आसामपर्यंत गेलं आणि तिथून शिक्के खात खात परवा कडेगावजवळच्या या वस्तीवर पोचलं.

वीस वर्षं आकारामनं लष्कराच्या गाड्या हाकल्या. ट्रक हाकले, जीप हाकल्या, साहेबांच्या मेमसाहेबांना भाजीला नेलं. पण ज्या गाडीचं दार आपलं आपण लावावं आणि किल्ली आपल्या खुंटीला अडकवावी, अशी गाडी त्याच्या नशिबी आली नव्हती. हवालदार होऊन पेन्शनीवर आल्यापासून तो तेवढ्या एका पत्राची वाट बघत होता.

"अगं, मोटार घ्यायची हाय, खोंड न्हवं," तो म्हणाला. "तिथं भाव ठरल्याला असतो. दादा काय करनार?"

"इकनारा मानूसच की! आनि तुमचं तोंड म्हंजी उघडी पेटी. मनात काय हाय ते समोरच्याला आधी कळतंय. गेल्या साली म्हस घ्याय गेला आनि भाव इचारायच्या आधीच 'लय झ्याक म्हस हाय' म्हनून बसला. दादाला म्या कालच सांगावा धाडलाय. एष्टीपाशी हुबा असंल त्यो."

खरंच उभा होता. अंजनाचा थोरला भाऊ नाथाजी हा पंचक्रोशीतला नावाजलेला हेडी. बैलांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जुळवायचा, आणि जमलं तर दोघांकडूनही दलाली घ्यायची, हा त्याचा धंदा. गुलाबी पटका, खांद्यावर उपरणं, हातात वेताची काठी. त्यानं आकारामला खिडकीपाशी बसवलं आणि एसटी विट्याच्या रस्त्याला लागते न लागते तोच शिकवणी सुरू केली.

"दाजी, दोनच गोष्टी ध्यानात धरा. येक, तुमी बोलायचं न्हाई. दोन, तोंडावर सुतक पायजे. घेनारा हसला की दावं इकनाऱ्याच्या हातात गेलं."

"पर नाथाजीराव, तिथं सात-सात वर्सं लोक थांबत्यात. ती मानसं म्हनली, नको तर जावा, तर?"

"कोन म्हनत न्हाई. पस्तीस वर्सं झाली माजी ह्या धंद्यात. आपुन पाठ फिरवली की वीस पावलांच्या आत हाक येती म्हंजी येती."

आकारामनं पुन्हा एकदा ड्राफ्ट चाचपला. तोंडावर सुतक आणायची त्याला वेगळी खटपट करावी लागली नाही.

सांगलीचं ते दुकान तळघरासारखं थंडगार होतं. आणीबाणीचे दिवस, भिंतीवर शिस्तीचे आणि कष्टाचे फलक लावलेले. मधोमध, फरशीवर, एकुलती एक फियाट उभी होती. ताकाच्या रंगाची. काचेवर तेल लावल्यागत उजेड पडला होता. आकाराम दारातच थबकला. त्याचं तोंड आपोआप उघडलं, पण नाथाजीची काठी घोट्यावर बसली आणि ते मिटलं.

भिंतीकडेच्या बाकावर एक स्थूल गृहस्थ बसले होते. अंगात रेशमी सदरा, मांडीवर झेंडूचा हार, पायाशी पिशवीत नारळ. "हे विट्याचे सोपानराव," मॅनेजर माईणकर चष्म्यावरून बघत म्हणाले. "यांचे माग आहेत. तुमच्या नंतरचा नंबर यांचा. तुम्ही आज आला नसता तर गाडी यांना द्यायची होती."

"पाच वाजंस्तवर बसतो मी हितंच," सोपानराव गोडपणानं म्हणाले. "न जानो, काय अडचन आली तर!"

आकारामनं घाईनं ड्राफ्ट काढायला खिशात हात घातला, पण नाथाजीनं तो मनगटाला धरून बाहेर काढला आणि स्वतः गाडीभोवती फिरायला लागला. एकदा डावीकडून फिरला, एकदा उजवीकडून. मग खाली बसून त्यानं गाडीच्या पोटाखाली बघितलं, उठला, आणि मागल्या चाकावर काठीनं टपकन मारलं.

"अहो, काठी! काठी लावू नका!" माईणकर उठून उभे राहिले.

"काठी लावल्याबिगर जनावर कसं हुबं ऱ्हातंय ते कळत न्हाई. डोळं लय मोठं हायती हिचं. मोठ्या डोळ्याचं जनावर बुजरं असतंय." नाथाजीनं दिव्यांवरून हात फिरवला. "चार पावलं चालवून दावा बरं."

"कागदपत्रं पुरी झाल्यावर फेरी देतो आम्ही."

"म्हंजी लगीन लागल्यावर पोरगी दावनार!"

बाकावर सोपानराव खुदकन हसले. माईणकर मात्र लाल झाले. त्यांनी आकारामकडे वळून सांगितलं, "हवालदार, ड्राफ्ट गाडीपुरता आहे ना? वरचे रोख भरावे लागतील. सीटची कव्हरं, पडदे, पंखा आणि रेडिओ. हे घ्यावंच लागतं. सगळेच घेतात."

आकारामजवळ रोख म्हणजे परतीच्या पेट्रोलचे आणि देवाला ठेवायचे पैसे होते. पत्रात पडद्यांचा उल्लेख नव्हता, पंख्याचाही नव्हता. आकाराम काही बोलणार तोच नाथाजी पुढं सरला, खांद्यावरचं उपरणं त्यानं माईणकरांच्या हातावर टाकलं आणि उपरण्याखालून त्यांची बोटं धरून दाबायला सुरुवात केली. बैलबाजारात भाव असाच होतो. तोंडानं कुणी आकडा उच्चारत नाही. किती बोटं धरली आणि किती सोडली त्यावर सगळं ठरतं. पण माईणकरांनी आयुष्यात बैल घेतला नव्हता.

"हे काय चाललंय? हात सोडा!" ते किंचाळलेच. "लाच देताय मला? चार लोकांसमोर? दिवस कुठले आहेत, कळतंय का तुम्हाला? नोकरी जाईल माझी!"

"आवं, बोटं मोजा की! रेडिओ आनि पडदं सोडून—"

"सोडा म्हणतो ना!"

नाथाजीनं हात सोडला. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग त्यानं शेवटचं हत्यार काढलं. गाडीकडं बघून जीभ टाळ्याला लावून चुक् केलं आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "न्हाई परवडत. सोडली आमी. चला दाजी."

आकारामचं मनगट नाथाजीच्या हातात होतं. कासरा धरून बैल न्यावा तसा तो रस्त्यावर ओढला गेला.

"मागं बघू नका," नाथाजी पुटपुटला. "आता हाक येती बगा."

सायकलचं दुकान मागं पडलं, पिठाची गिरणी मागं पडली. वीस पावलं केव्हाच होऊन गेली. हाक आली ती फक्त कोपऱ्यावरच्या चहावाल्याची. "लय ताठ मानूस दिसतोय," असं म्हणत नाथाजीनं दोन चहा सांगितले. आकाराम कप हातात धरून बसला. चहाच्या दुकानाच्या आरशात मागचा रस्ता दिसत होता आणि रस्त्याच्या टोकाला मोटारीच्या दुकानाचं दार दिसत होतं. आरशात बघणं म्हणजे काही मागं बघणं नव्हे, असं स्वतःला समजावून त्यानं बघितलं. उघड्या दारातून आत सोपानराव दिसले, ते गाडीच्या नाकाला हार घालत होते.

कप खाली ठेवल्याचंसुद्धा आकारामला आठवत नव्हतं. पलटणीतून सुटल्यापासून तो इतका पळाला नव्हता.

"साहेब! साहेब, ड्राफ्ट हाय माज्यापाशी! ह्यो बगा!"

"उशीर झाला, हवालदार," माईणकरांनी वही फिरवून त्याच्यापुढं केली. "सोडली म्हणालात. सगळ्यांनी ऐकलं. मी तशी नोंद केली आणि पुढचा नंबर लावला."

"मी न्हाई म्हनलो, साहेब! ते आमचं मेव्हनं—"

"तुम्ही त्यांच्याबरोबर गेलात ना?"

आकाराम मटकन बाकावर बसला. सात वर्षं त्याच्या डोळ्यांपुढून गेली, आणि त्यांच्या शेवटी अंजना उभी दिसली, उंबऱ्यात, हातात आरतीचं तबक घेऊन. माईणकर वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि हळू आवाजात म्हणाले, "आता एकच वाट आहे. सोपानरावांनी नको म्हटलं, तर नंबर फिरून तुमच्याकडं येईल. पण ते कशाला नको म्हणतील?"

एवढ्यात नाथाजी धापा टाकत आत आला. काय झालं ते त्याला कुणी सांगायची गरज लागली नाही. गुलाबी पटक्याखालचा त्याचा चेहरा क्षणभर पडला. बहिणीला काय सांगायचं, हा प्रश्न त्यालाही होताच. मग त्यानं पटका सारखा केला आणि सावकाश सोपानरावांजवळ जाऊन उभा राहिला.

"घ्या, मालक, घ्या," तो हळहळून म्हणाला. "तुमच्या नशिबात हुती."

नोटांचं पुडकं सोडवणारे सोपानराव थांबले. "म्हंजी?"

"कुटं काय! आमच्या दाजींनी सोडली, तुमी घेतली. बरं झालं."

"पर सोडली का त्येंनी?"

"त्ये काय ठावं न्हाई बगा. ते काय बोलायचं न्हाईत. वीस वर्सं पलटनीत डायव्हर हुतं. लांबनं बघितलं तरी त्यास्नी गाडीतलं समदं कळतंय. आमी आपलं बैलं बघनारी मानसं." एवढं बोलून नाथाजी बाजूला झाला आणि भिंतीवरचे फलक वाचायला लागला. त्याला वाचता येत नव्हतं.

सोपानरावांनी पुडक्याची गाठ पुन्हा मारली. गाडीकडं बघितलं. मग बाकावर बसलेल्या आकारामकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. ते त्याच्यापुढं येऊन उभे राहिले.

"हवालदार, तुमाला तुमच्या देवाची आन हाय. खरं सांगा. हिच्यात खोट काय हाय?"

फलक वाचणाऱ्या नाथाजीनं मान न वळवता जोरात खाकरून घेतलं. एक शब्द पुरे होता. इंजिन म्हटलं असतं, गिअर म्हटलं असतं, नुसता उसासा टाकला असता तरी चाललं असतं. आकारामच्या जिभेवर गिअर आलाही होता. पण गाडी समोरच उभी होती. जिचं एक चाकसुद्धा अजून रस्त्याला लागलं नाही अशा बिचारीवर आळ कसा घ्यायचा, ते त्याला जमेना.

"कायबी खोट न्हाई," तो म्हणाला. "सोन्यावानी गाडी हाय. डोळं झाकून घ्या, मालक."

दोन थेंब गालांवरून ओघळून मिशीत गेले. नाथाजीनं कपाळाला हात लावला.

सोपानरावांनी आकारामच्या तोंडाकडं खूप वेळ बघितलं. सूत घेण्यात आणि कापड विकण्यात त्यांचा जन्म गेला होता. स्वतः सोडलेला माल दुसऱ्याला 'डोळे झाकून घ्या' म्हणणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. मात्र ते सांगताना रडणारा पाहिला नव्हता.

"बाबा रे!" ते माईणकरांकडं वळून म्हणाले. "हितं मानूस पापाला भिऊन रडाय लागलाय! मला नको तुमची गाडी. फुडची येईल ती घीन मी." त्यांनी नारळाची पिशवी उचलली. माईणकर मागोमाग धावले, "अहो, नवी कोरी आहे!" असं सांगत राहिले, पण सोपानराव जे सुटले ते स्टँडच्या रिक्षात बसेपर्यंत थांबले नाहीत. हार तेवढा गाडीच्या नाकावर राहिला.

माईणकर परत आले आणि कपाळ पुसत खुर्चीत बसले. सकाळपासून एकाच गाडीची दोन गिऱ्हाइकं परतली होती आणि त्याची कारणं कंपनीला लिहून कळवायची होती. "आणा तो ड्राफ्ट," ते म्हणाले.

"रेडिओ नको," आकाराम म्हणाला.

"नको तर नको. पंखाही राहू दे. पडदे तरी?"

"पडदंबी नकोत."

"करा सही," माईणकर म्हणाले, "आणि न्या एकदाची."

दुपारी तीन वाजता आकारामनं स्वतःच्या गाडीचं इंजिन सुरू केलं. ते असं बोललं, की त्याच्या अंगावर काटा आला. दुकानाच्या पायरीवरून गाडी अलगद रस्त्यावर उतरली. त्यानं शेजारचं दार उघडून दिलं. "बसा, नाथाजीराव."

नाथाजी बसला नाही. खिडकीत वाकून, इकडंतिकडं बघत, त्यानं आवाज खाली आणला. "दाजी, आता कागद झाल्यात. आपुन घरची मानसं. खरं सांगा, खोट काय हाय?"

"कायबी न्हाई हो!"

"मग त्यो येवढा येपारी पळाला कशापायी? दोन गिऱ्हाइकं फिरल्यालं जनावर म्या तरी कवा दावनीला बांदलं न्हाई."

"आवं, त्याला तुमीच फिरवला!"

"म्या तोंडातनं खोट म्हनून शबुद काडला का? रडला तुमी!" नाथाजी दुखावला होता. "मला सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या. सक्क्या मेव्हन्यापासनं लपवा. मी जातो एष्टीनं." आणि काठी टेकत तो स्टँडच्या दिशेनं चालायला लागला.

आकारामनं पहिल्या गिअरमध्ये गाडी त्याच्या बाजूनं चालवायला घेतली. अर्धं अंग खिडकीतून बाहेर काढून तो विनवायला लागला, "नाथाजीराव, इंजिन आयका की! आवाज कसा हाय बगा! ब्रेक बगा! पोरांची आन, कायबी खोट न्हाई!" तो जसजशा शपथा घ्यायला लागला तसतसा नाथाजी चालीचा वेग वाढवायला लागला. मागून एका ट्रकनं हॉर्न दिला. सायकलवाले उतरून बघायला लागले. नव्याकोऱ्या हार घातलेल्या मोटारीतला माणूस एका पटकेवाल्याच्या हातापाया पडतो आहे आणि पटकेवाला काही ऐकत नाही, हा प्रकार सांगलीत रोज बघायला मिळत नव्हता.

पानपट्टीपाशी उभा असलेला एक गृहस्थ शेवटी रस्त्यावर उतरला आणि गाडीला आडवा आला.

"काय मालक, गिऱ्हाईक तुटलं वाटतं? कितीला सोडताय? मी घेतो बघा. वर हजार देतो."

नाथाजीची काठी जागीच थांबली. तो वळला. गृहस्थाच्या हातातलं घड्याळ, पायातले बूट, खिशातलं पेन हे सगळं त्यानं एका नजरेत बघून घेतलं. मग चार ढांगांत मागं आला, दार उघडलं आणि आकारामच्या शेजारी बसून खाडकन ओढून घेतलं.

"हजार?" तो खिडकीतून म्हणाला. "ह्या गाडीला? आवं, पलटनीतल्या डायव्हरनं पारखून घेतल्याली गाडी हाय ही! हिच्यात खोट म्हनून घावायची न्हाई तुमाला. व्हा बाजूला." आणि आकारामकडं वळून म्हणाला, "बघत काय बसलाय, दाजी? हाना की."