इब्राहिमचाचांची लाँच

ब्रिटिशांची विनाशिका सौदीतल्या जुबैलच्या धक्क्याला लागायची असली, की इब्राहिमचाचा इस्त्रीचा शर्ट घालायचे. काम काय, तर जहाजाचे दोर खुंट्याला बांधायचे. पण थाट असा, की कप्तान यांनाच भेटायला येतोय. "यल्ला, चला, आपली आली!" म्हणून आम्हा कामगारांचा अख्खा कॅम्प जागा करायचे.

आपली म्हणे! युद्ध गोऱ्यांचं, तेल अरबांचं, आणि हल्ल्याचा भोंगा वाजला की साहेबांना गॅसचे मुखवटे नि आम्हाला ओले टॉवेल. मी, सावंत, तिथे टाइमकीपर होतो. आपलं काय नि परकं काय, ते रोज बघत होतो.

चाचा रत्नागिरीकडचे. इंग्रजी बेताचं, भीड त्याहून बेताची. दोर बांधले की पहिल्या गोऱ्या खलाशाला गाठायचे, काहीतरी विचारायचे आणि डबा घेऊन परत यायचे. कधी मांसाचा, कधी बिस्किटांचा. कॅम्पभर थट्टा चालायची, "चाचा, आज सासुरवाडीनं काय वाढलं?" डबे खाटेखाली जायचे. मांस हलाल नसेल, हे ठीक. पण ते बिस्किटांनाही हात लावू देत नसत.

युद्ध संपलं. विनाशिका कायमची निघाली त्या दिवशी मी चाचांच्या शेजारीच उभा होतो. त्यांनी विचारलं, "साब, माय ब्रदर लाँच, यू सी?"

"लंच?" खलाशी हसला आणि बिस्किटांचा डबा घेऊन आला.

मला उमगेपर्यंत शिडी उचलली होती. चाचांचा धाकटा भाऊ दाऊद कुवेतला लाकडी लाँचवर कामाला. इराकच्या हल्ल्यात कुवेत पडलं तेव्हा ती लाँच निघाली, ती कुठे लागलीच नाही. विनाशिका आखातातल्या लाँची अडवून तपासायची, म्हणून चाचा तिला विचारत होते. आणि गोरे त्यांना भुकेले समजून जेवू घालत होते!

'लाँच'चं त्यांनी 'लंच' ऐकलं, हे मी चाचांना सांगितलं.

"म्हणजे माझं विचारणं त्यांना कळलंच नाय?"

"नाही, चाचा."

"मयतीच्या घरात चूल पेटत नाय, शेजारी जेवण देतात. मला वाटलं, गोऱ्यांना तोंडानं सांगवत नाय, म्हणून डबा देतायत. तरी दर वेळी विचारायचो. वाटायचं, एखादा तरी गोरा डबा न देता बोलेल."

विनाशिका बंदराबाहेर पडत होती. मला तिचा, त्या युद्धाचा, सगळ्यांचाच संताप आला. चाचांचा चेहरा मात्र उजळला होता.

"मग दाऊद गेला असं कोणीच सांगितलेलं नाय, सावंता!"

त्यांनी डबा फोडला आणि माझ्यापुढे धरला.

"खा. हा मयतीचा नाय."