पडली की पाडली

शोरूमच्या पाटीवरचा दीर्घ उकार ऱ्हस्व होईपर्यंत गाडी आत नेणार नाही, असं म्हणून दारात मोटारसायकल आडवी लावून उभा राहिलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पाटीवर लिहिलं होतं, 'येथे वाहन दुरूस्ती केली जाते.' आणि तो माणूस, पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला शाईचं पेन, डोक्यावर हेल्मेट तसंच, आतल्या सर्व्हिस मॅनेजरला सांगत होता, "निकम, ज्यांना 'दुरुस्ती' हा शब्द दुरुस्त करता येत नाही, त्यांच्या हाती मी गाडी कशी देऊ?"

मागे गाड्यांची रांग लागली होती. हॉर्न वाजत होते. शेवटी निकम काउंटरवरचा व्हाइटनर घेऊन स्टुलावर चढले आणि त्यांनी 'रू'चा 'रु' केला. त्या माणसाने मान तिरकी करून पाहिलं, "आता वाचता येतंय," म्हणाला आणि गाडी ढकलत आत नेली.

हे बावतीस सर. वसईजवळच्या गिरीज गावचे. जन्मभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले.

मी राहतो उमेळ्यात. आमची इमारत ज्या जागी आहे तिथे पूर्वी केळीची वाडी होती, असं रिक्षावाले सांगतात. त्या दिवशी मी शोरूममध्ये माझी तक्रार घेऊन गेलो होतो. नव्या गाडीच्या मीटरच्या काचेत वाफ धरायची आणि वेगाचा काटा धुक्यात गेल्यासारखा दिसेनासा व्हायचा. निकम म्हणाले, "नॉर्मल आहे सर. पावसात होतं."

"काय नॉर्मल आहे?" मागच्या बाकावरून आवाज आला. "वाक्य पूर्ण करा."

निकमनी डोळे मिटले. "सर, मीटरमध्ये वाफ धरणं नॉर्मल आहे."

"असं लिहून द्या. खाली सही करा. म्हणजे हे गृहस्थ ते कंपनीला पाठवतील."

माझा मीटर त्याच आठवड्यात बदलून मिळाला. तेव्हापासून मी बावतीस सरांचा विद्यार्थी झालो. त्यांच्या विद्यार्थ्यांत मी एकटा नव्हतो. शनिवारी बाकावर बसलेल्या निम्म्या गिऱ्हाइकांची तक्रार सर आधी तोंडी तपासायचे. "गाडी बरोबर नाही" असं कोणी म्हणालं की चिडायचे. "बरोबर नाही हे मत झालं. काय होतं, केव्हा होतं, ते सांगा. क्रियापद द्या!" मग तो बिचारा डोकं खाजवून म्हणायचा, "ब्रेक दाबला की किंचाळते." सर खूश. "हां. आता जा आत."

मेकॅनिक मंडळींचं त्यांच्यावर प्रेम होतं, कारण सर येताना वाडीतली केळी आणायचे. नाताळात सगळ्यांना घरचा केक आला. निकमना केकबरोबर शालेय व्याकरणाचं एक पुस्तकही आलं. निकमनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं.

सरांची स्वतःची तक्रार मात्र कोणी सोडवत नव्हतं. त्यांची गाडी चालता चालता बंद पडायची. रोज नाही, एकट्याने चालवताना तर जवळजवळ नाहीच. दोघं बसले, गाडी चांगली तापली, की कधीतरी अचानक इंजिन गप्प व्हायचं. थोड्या वेळाने परत चालू. सर गाडी आणून द्यायचे, मेकॅनिक मागच्या गल्लीत एक चक्कर मारून यायचा, आणि कागदावर शेरा यायचा, 'तपासली. दोष आढळला नाही.' एकदा तर कोणीतरी लिहिलं, 'चुकीचा गिअर टाकल्याने ग्राहकाने गाडी बंद पाडली.'

त्या दिवशी सरांचा आवाज पहिल्यांदा चढलेला मी ऐकला.

"पाडली? निकम, मी गाडी पाडत नाही. गाडी पडते. पडली आणि पाडली यात एका कान्याचा फरक आहे. पडली तर तुमची कंपनी जबाबदार. पाडली तर मी. त्या एका कान्यावर माझी वॉरंटी अडली आहे!"

आणि वॉरंटी संपत आली होती. निकमही ते जाणून होते, सरही.

"सर, माझ्यासमोर बंद पडली तर मी क्लेम टाकतो," निकम म्हणाले. "पण माझ्यासमोर पडतच नाही ना ती. मी वरती काय दाखवू?"

"मग चला. बसा मागे."

निकम देहाने चांगले भरलेले. गळ्यात कंपनीचा टाय. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मेकॅनिक स्पॅनर खाली ठेवून बघत होते. सरांनी मला साक्षीदार म्हणून माझ्या गाडीवर मागून यायला सांगितलं आणि आमची वरात निघाली.

सरांनी आम्हाला सगळी पश्चिम वसई दाखवली. गिरीजच्या वाड्या, चर्चची पटांगणं, विहिरी, कोणाच्या अंगणातला जुना क्रूस. निकमचा टाय वाऱ्यावर उडून त्यांच्याच तोंडावर आपटत होता. गाडी कशी चालली होती म्हणता! लोण्यातून सुरी फिरावी तशी. निकम दर वळणावर मागे माझ्याकडे बघून अंगठा दाखवत होते. सरांची पाठ मात्र हळूहळू वाकत चालली. आपली गाडी उत्तम चालते आहे म्हणून इतका दुःखी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वटारच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना भाजीचे मळे आहेत तिथे, इंजिनाने एक आचका दिला आणि सगळं शांत झालं. गाडी घरंगळत रस्त्याच्या कडेला थांबली.

सरांनी दोन्ही हात वर केले. "पडली! निकम, पडली! बघितलंत ना? पडली!"

मळ्यातून एक बाई दुधीची पाटी टाकून धावत आली. "कोण पडला? लागला काय?"

"गाडी पडली बाय, गाडी!" सरांचे डोळे चमकत होते. बाईने उभ्या गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता पाटी उचलून गेली.

आम्ही तिघं कुंपणाच्या दगडावर बसलो. निकमनी बटण दाबून पाहिलं, गाडी चालू होईना. त्यांनी शोरूमला फोन करून टेम्पो मागवला. मग घाम पुसत म्हणाले, "मानलं सर. क्लेम टाकतो. पण एक विचारू? थोडं थांबलं की परत चालू होते ती. लोकांच्या गाड्या असं कधीमधी करतातच. एवढं मनाला का लावून घेतलं?"

सर मळ्याकडे बघत होते. "थोडं थांबणं सगळ्यांना जमतं असं नाही, निकम," एवढंच बोलले.

दोष इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात निघाला. तापला की अडकायचा. कंपनीने वॉरंटीत नवा पंप बसवून दिला. निकमनी स्वतः फोन करून सरांना कळवलं, तेही पूर्ण वाक्यात.

पुढे एका रविवारी संध्याकाळी सरांनी मला घरी बोलावलं. वाडीच्या मध्ये बसकं कौलारू घर, ओसरीवर लाकडी बाक. सर तयार होऊन बसले होते. "बसा. आमच्या बाईची तयारी चालली आहे. आम्ही रोज या वेळी फिरायला जातो. तुम्हीही या मागून."

आतून बांगड्यांचा आवाज येत होता. सर हलक्या आवाजात बोलू लागले. त्यांच्या पत्नीला, रेजिनाबाईंना, विसरण्याचा आजार होता. गेली काही वर्षं वाढत चाललेला. घरात त्या अस्वस्थ असायच्या, रिक्षात घाबरून ओरडायच्या. फक्त गाडीवर, मागे बसून सरांना धरलं की शांत व्हायच्या. म्हणून या वयात सरांनी मोटारसायकल घेतली होती.

"एकदा अशीच बंद पडली. मी खाली उतरून बघत होतो. वळून पाहतो तर बाई नाही. केळीच्या वाडीत शिरली होती. वाडीत माणूस हातभरावर असला तरी दिसत नाही हो. सगळा गाव शोधत होता. सापडली तेव्हा विहिरीच्या काठावर बसून पाय हलवत होती."

मी म्हटलं, "सर, हे निकमना सांगितलं असतंत तर त्यांनी पहिल्याच दिवशी पंप बदलला असता."

"कशाला सांगायचं?" सर म्हणाले. "दोष गाडीत होता. त्यांनी गाडीकडे बघून द्यायला हवं होतं. माझ्या घराकडे बघून नाही."

रेजिनाबाई बाहेर आल्या. अंगावर फिकी हिरवी साडी, केसात अबोली. माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या, जरी आम्ही कधी भेटलो नव्हतो. सरांनी त्यांना हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा लावला, आणि त्या मागे बसल्या. दोन्ही हात सरांच्या पोटाभोवती, गाल पाठीला टेकलेला. आम्ही समुद्रापर्यंत गेलो, उतरलो नाही, तसेच वळलो. संपूर्ण वाटेत त्यांनी गाल उचलला नाही.

परत येताना घराच्या अलीकडच्या वळणावर त्यांनी सरांच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

"इथंच थांबव. बाबा ओसरीवर असतील."

सरांनी गाडी थांबवली. बाई उतरल्या, पदर सारखा केला, हेल्मेट काढून सरांच्या हाती दिलं. चोरट्या नजरेने घराकडे बघून हळूच म्हणाल्या, "उद्या येशील ना?"

"येईन," सर म्हणाले.

त्या लगबगीने चालू लागल्या. सर पाय टेकवून गाडीवर बसून राहिले, नजर त्यांच्या पाठीवर. मी गाडी शेजारी आणली. मला हसू येत होतं. म्हटलं, "सर, लग्नाआधी असेच भेटत होतात वाटतं. त्या वेळेत जातात त्या."

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"आमचं लग्न घरच्यांनी ठरवलेलं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या वडिलांसमोरच. चोरून कधी भेटलोच नाही. आणि तेव्हा माझ्याकडे साधी सायकलही नव्हती."

पुढे बाईंनी फाटकाची कडी काढली आणि आत गेल्या.

"मग त्या कोणाला..." माझं वाक्य अर्धंच राहिलं.

"ठाऊक नाही. मी विचारलं नाही." त्यांनी बाईंचं हेल्मेट आरशाला अडकवलं. "ती रोज विचारते, उद्या येशील ना. कोणीतरी हो म्हणायला हवं."

ओसरीवरचा दिवा लागला. तो लागेपर्यंत सर तिथून हलले नाहीत.