डोक्यावरची भरती

माणसं नेमण्यात माझा हात धरणारा आख्ख्या कंपनीत कोणी नाही! कुठलीही रिकामी जागा दाखवा, आठवड्यात भरून देतो. मग स्वतःच्याच डोक्यावर एवढी मोठी जागा रिकामी होत असताना मी स्वस्थ कसा बसणार?

टाळूवरच्या जंतूंमुळे केस गळतात, असं कुठंसं वाचलं. लगेच फरशी पुसायच्या जंतुनाशकाने डोकं धुवायला लागलो. जंतूंचं काय झालं ते त्यांनाच ठाऊक, डोकं मात्र टोमॅटोसारखं लाल झालं. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"फरशीच्या औषधाने?" त्यांनी पेनच खाली ठेवलं. "अहो, केस गळायची कारणं बरीच असतात. जंतूंचा तोल बिघडणं हे त्यातलं एक असू शकतं. पण टाळूवर चांगले जंतूही असतात. तुम्ही सरसकट सगळ्यांना हाकललंत!"

म्हणजे जागा रिकाम्या! मी कान टवकारले. त्यांनी मलम दिलं आणि याशिवाय डोक्याला काहीही लावू नका, असं बजावलं. मुलाखत संपल्यावर आम्ही 'कळवतो' म्हणतो ना, त्याच चालीवर मी तो सल्ला घेतला.

घरी येऊन मलम चोळलं आणि फ्रिज उघडला. चांगले जंतू म्हणजे दही, हे कोणीही सांगेल. विकतच्या दह्याचा डबा होता, पण ते पडले कंत्राटी कामगार! शेजारी बायकोची विरजणाची वाटी होती. सासूबाई गेल्या तेव्हा बाकीच्या बहिणींनी साड्या घेतल्या, हिने त्यांच्या घरातलं चमचाभर विरजण मागून आणलं. तेव्हापासून रोज त्याच विरजणाचं दही लागतं. "आई आहे अजून घरात," असं ती म्हणायची. मला हे सगळं माहीत होतं हो! पण त्या क्षणी मला दिसला तो फक्त अनुभव.

दही थापायला घेतलं तेव्हा कळलं, टक्कल आरशात दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं असतं. तळाशी जेमतेम चमचाभर उरलं, तेवढं मी इमानदारीने ठेवलं आणि वाटी ओट्यावर विसरलो.

संध्याकाळी बायको कोमट दूध घेऊन आली. "विरजणाची वाटी कुठंय?"

"ती होय?" माझी आई म्हणाली. "तळाला जरासं चिकटलं होतं. घासून टाकली."

बायकोचा चेहरा उतरला. मग तिची नजर माझ्याकडे वळली. "अहो, डोक्याला काय लावलंय?"

"भरती," मी पुटपुटलो.

ती मटकन खाली बसली. "केसाने गळा कापलात हो माझा!"

"त्याला केस तरी कुठे राहिलेत?" आई म्हणाली. कोणीही हसलं नाही.

"मी डोकं धुऊन येतो," म्हणत मी उठलो.

"हलू नका! नळाला हात लावलात तर याद राखा!"

तिने मला स्टुलावर बसवलं आणि चहाच्या चमच्याने माझं टक्कल खरवडायला सुरुवात केली. मधेच टाळूवर कोमट थेंब पडले.

"दुखतंय का?" तिने विचारलं. तिने! मला! एखादी थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

खरवडलेलं सगळं तिने दुधात घातलं. सकाळी पाहतो तर दही घट्ट लागलेलं! माझी छाती फुगली. "बघ! म्हटलं नव्हतं?"

तिने वाटी नाकाशी नेली आणि खोल वास घेतला.

"छान लागलंय," ती म्हणाली. "पण आईचं नाही. तुमच्या मलमाचा वास येतोय."

वाटी तिने फेकली नाही, जागच्या जागी ठेवून दिली. फ्रिज उघडला की मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

भरतीचं म्हणाल, तर डोक्यावर एकही केस रुजू झालेला नाही. दह्यात मात्र एक सापडला. माझ्या उरलेल्यांपैकीच होता.