चिखलातला कॅरम बोर्ड

आमच्या बिल्डिंगमधल्या जाधवकाकांना कॅरम खेळता येत नाही. स्ट्रायकर कुठल्या बोटाने मारतात तेही त्यांना ठाऊक नाही. तरी आठवड्यातून चार दिवस ते काखेत कॅरम बोर्ड मारून डिलाईल रोडवरून शिवडीला निघतात. बसचा कंडक्टर विचारतो, "काय आजोबा, टुर्नामेंट?" काका म्हणतात, "हो. सेमीफायनल." गेली तीन वर्षं त्यांची सेमीफायनलच चालू आहे.

तिथे खाडीकाठच्या चिखलावर ते बोर्ड आडवा टाकतात आणि त्यावर उभे राहतात. पाय रुतत नाही म्हणे. आमची चाळ पाडली तेव्हा मंडळाचा हा बोर्ड कोणालाच नको होता, तो काकांनी उचलला. आता चाळीच्या जागी बावीस मजले आहेत, खाली संगमरवरी लॉबी आहे आणि त्या लॉबीत काकांच्या चिखलाच्या पावलांची गेटपासून लिफ्टपर्यंत रांग आहे.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे लोकांच्या शिव्या खायला नेमलेली बिनपगारी बाई. ग्रुपवर रोज त्या पावलांचे फोटो येतात. खाली "प्लीज लुक इनटू धिस". अरे, मी काय लुक इनटू करू? त्या माणसाच्या मांडीवर बसून मी लहानपणी शेंगदाणे खाल्लेत.

काकांची अख्खी नोकरी पावसाळ्यात तुंबलेलं पाणी उपसणाऱ्या पंपावर गेली. समुद्राला भरती असेल तर पाणी बाहेर जात नाही, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ. रिटायर झाले तरी घड्याळ तेच. मी मिटिंगची नोटीस लावली की खाली पेनाने लिहून जातात, "अकराला ओहोटी आहे. मिटिंग भरतीला ठेवावी." आणि चिखलाला कोणी नाक मुरडलं की ठरलेला प्रश्न, "कोलंबी काय मार्केटात जन्मते? तुझ्या तव्यावरची कोलंबी त्याच चिखलात रांगली, बाय!" हे ते लग्नाच्या पंगतीतही बोलतात. शेजारचा माणूस जेवायचा थांबतो.

शिवडीला लोक जातात ते रोहित पक्षी बघायला. काकांना त्यांचं फार कौतुक नाही. "ते पाहुणे. येतात, फोटो काढून घेतात, जातात. कायमचे रहिवासी खाली असतात. कुर्ल्या, निवट्या, शिंपल्या. त्यांचं घर बुजवलं तर पाहुणे तरी कुणाकडे येणार?"

नुसती पावलं असती तरी मी निभावून नेलं असतं. पण काका येताना पिशवीत दगडविटा घेऊन येतात. घाण पाणी गळणारी पिशवी, लिफ्टमध्ये. सातव्या मजल्यावरच्या बाईंनी तर थेट मला विचारलं, "त्यांना डॉक्टरकडे का नेत नाही?" मला राग आला. पण खरं सांगते, मलाही तशी शंका होतीच. काकी गेल्यापासून माणूस एकटा. मुलगी बडोद्याला. डोक्यावर परिणाम व्हायला काय वेळ लागतो!

काकी म्हणजे अख्ख्या चाळीचा भोंगा. काका पंपावरून पोटरीभर चिखल घेऊन आले, की गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायचं, "आधी पाय!" मग काका मुकाट मोरीत उभे आणि काकी तांब्याने त्यांच्या पायांवर पाणी ओतत्येय. ओल्या पायाने ते घसरतात म्हणून तिने मोरीच्या सिमेंटमध्ये फुटक्या कपबश्यांचे तुकडे स्वतः बसवले होते. निळी फुलं असलेले. आम्ही पोरं ती बघायला जायचो.

तर मागच्या महिन्यात लॉबीची लादी बदलायचं निघालं. भरती बघून मिटिंग ठेवली. कंत्राटदार कॅटलॉग दाखवत होता आणि सगळे इटालियन की राजस्थानी यावर भांडत होते. काका उठले.

"जुन्या लादीचा राडारोडा कुठे टाकणार?"

"ते आमच्यावर सोडा ना, आजोबा."

काका तडक निघाले. वर गेले आणि पिशवी घेऊन आले. टेबलावरच्या कॅटलॉगवरच ती उपडी केली. हिरव्या ऑइलपेंटचे पोपडे, कौलाचे तुकडे आणि एक गंजलेली पत्र्याची पाटी. ती त्यांनी माझ्यापुढे सरकवली. खोली क्रमांक तेवीस. आमची खोली. त्या पाटीखाली मी चौदा वर्षं शाळेची चप्पल काढली.

"ज्येष्ठ नागरिकांची सहल गेली होती शिवडीला," काका म्हणाले. "सगळे वर बघत होते, पक्षी, पक्षी. मी खाली बघितलं तर तिवरांच्या मुळांवर आपली चाळ पडलेली. तेव्हाही कुणीतरी म्हणालं होतं, आमच्यावर सोडा. आपण सोडलं."

आपण म्हणजे कोण? कमिटीत तेव्हा मीही होते. सही माझीही होती. ट्रक कुठे जातोय हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. लाज वाटली, दुसरं काय! कंत्राटदाराला मी सांगितलं, राडारोडा रीतसर जिथे द्यायचा तिथे दिल्याची पावती आण, मगच लादीला हात लावायचा. तो गेला तो अजून आलेला नाही. लॉबी जुनीच आहे आणि सातव्या मजल्यावरच्या बाई माझ्याशी बोलत नाहीत.

रविवारी मी काकांबरोबर शिवडीला गेले. ओहोटी होती. काकांनी मला बोर्डावर उभं केलं आणि स्वतः चिखलात उतरले. जिथला राडारोडा त्यांनी उचलला होता तिथे तिवरांची बोटभर रोपं उभी होती. जिथला उचलायचा राहिला होता तिथे काहीच नव्हतं. अजून बरंच राहिलं होतं. मी पदर खोचला आणि विटा गोळा करायला लागले. कमरेचा काटा ढिला झाला.

थोड्या वेळाने हाताला सिमेंटचा एक मोठा सपाट तुकडा लागला. चिखल पुसला तर निळी फुलं. कपबशीची.

"काका!" मी ओरडले. "काकीची मोरी! ही घरी नेऊ या."

"तेवढी राहू दे."

"अहो, पण काका..."

"मला पहिल्याच महिन्यात सापडली. उचलणार होतो. खाली बघ."

मी वाकून बघितलं. तुकड्याखाली बीळ होतं आणि बिळातून एक कुर्ली माझ्यावर नांगी उगारून बसली होती.

"बाकी सगळं उचलणार. पण हिला कुठे बाहेर काढू? आपल्याला काढलं तेव्हा काय झालं, ते मला माहीत आहे. तुझी काकी नव्या घरी चार महिने नाही टिकली."

मी तुकडा होता तसा ठेवला. डोळे भरून आले होते, म्हणून उगाच विचारलं, "पागडी घेतली का भाडेकरणीकडून?"

"छे गं. एवढंच सांगितलं, मोरी स्वच्छ ठेव. नाहीतर मालकीण ओरडेल."

घरी परतलो तेव्हा वॉचमन गेटवर गाड्या धूत होता. काका नेहमीसारखे चिखलाच्या पायांनी सरळ लॉबीकडे निघाले. आणि मला काय झालं कोण जाणे, बेंबीच्या देठापासून ओरडले, "आधी पाय!"

काका जागच्या जागी थांबले. मागे वळले नाहीत. मग हळूच परत आले, कॅरम बोर्ड भिंतीला टेकवला आणि पाय जुळवून माझ्यापुढे उभे राहिले. मी वॉचमनच्या हातातला पाइप घेतला. चिखल केव्हाच निघून गेला, तरी ते हलेनात. डोळे मिटलेले.

"मॅडम, टंकी का पानी..." वॉचमन म्हणाला.

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. आणि पाणी चालूच ठेवलं.